पहिल्यांदा कियाक्केरे तळताना

इटलीतल्या कार्निव्हलचं (लेंटच्या उपवासाआधीचा सण) तळण पहिल्यांदाच करताय? भरलेले फ्रित्तेल्ले (तळलेले गोड गोळे) पुढच्या कार्निव्हलला करा, यंदा कियाक्केरेच, म्हणजे पातळ, कुरकुरीत गोड पट्ट्या. मिलानमध्ये हे नाव, म्हणजे 'गप्पा'. रोममध्ये यांनाच फ्राप्पे म्हणतात. शंकरपाळी जमतात ना? मग घाबरू नका, फक्त लोण्याचा हात आखडता ठेवा.

- मळलेलं पीठ अर्धा तास झाकून ठेवा, नाहीतर लाटताना आक्रसतं.
- पोळी इतकी पातळ लाटा की खालचा ओटा दिसावा. नवे सगळे इथेच चुकतात. माझा पहिला घाणा जाड राहिला, कडक पुऱ्याच झाल्या! पिठात चमचाभर ग्रापा (द्राक्षांची इटालियन दारू) घातली तर फोड छान येतात.
- तेल १७० अंशांवर. फिकट सोनेरी दिसताच काढा.

पिठीसाखर गार झाल्यावरच भुरभुरा. गरमावर ती विरघळून चिकट होते.