कालचा कागद

पोरी,

परवा तू दाखवलेलं रताळी धुण्याचं यंत्र डोक्यातून जाईना. जाळीच्या ढोलाला आतून सायकलची जुनी ट्यूब लावलीस, म्हणून साल खरचटलं नाही आणि तांबड्या मातीचा गाळ तेवढा खाली बादलीत उतरला. यंत्राला मी नाव ठेवणार नाही. (बेअरिंगपर्यंत पाणी पोचतंय तेवढं बघ, एका हंगामात गंजून बसेल.) मला खटकलं ते तुझं जाता जाता बोललेलं: "मंदी असली तर असू दे काका, सरकारी योजना असतात की."

असतात. कुणासाठी असतात ते सांगतो.

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा बेळगावच्या उद्यमबागेतल्या माझ्या शेडमधले चारही लेथ थांबले. राज्याच्या सीमेवर कोगनोळीच्या नाक्यावर बंदोबस्त, कास्टिंग म्हणजे लेथवर कातायचे ओतीव भाग कोल्हापूरकडे अडकलेले. मे महिन्यात केंद्रानं हमीची कर्जयोजना जाहीर केली, ३ लाख कोटींची. तारण नको, काही नको. कर्ज किती मिळणार? २९ फेब्रुवारी २०२० ला तुमच्या नावावर जी कर्जाची बाकी होती, तिच्या २० टक्क्यांपर्यंत. माझी बाकी होती, मला मिळालं. शेजारच्या शेडमधल्या पोरानं दोन वर्षं घरचे पैसे घालून, एक रुपया कर्ज न काढता नव्या धाटणीचा व्हॉल्व्ह तयार केला होता. त्याची बाकी शून्य. शून्याचे २० टक्के किती होतात, तूच सांग. गणपतीच्या आत त्यानं शेड सोडलं. व्हॉल्व्ह चांगला होता गं.

तेव्हापासून बघतोय, वाईट दिवसांत जो तो कालचा कागद मागतो. बँकेला तीन वर्षांचे ताळेबंद हवेत. मोठी कंपनी विचारते, आधी कुणाला माल दिलाय? आजवर तोंडओळखीवर उधार देणारा पत्रेवाला रोख मागायला लागतो. आणि नव्या वस्तूला 'काल'च नसतो. म्हणून हा कागद बरे दिवस असतानाच तयार करून ठेवायचा.

पहिलं म्हणजे उद्यम नोंदणी, लहान उद्योगांची सरकारी नोंदणी. फुकट होते, एजंटला दमडी देऊ नकोस. पण माल द्यायच्या आधी कर, मागाहून केलेली नोंदणी जुन्या बिलाला उपयोगी पडेल याचा भरवसा नाही. २००६ च्या कायद्यानं लहान उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. वाचायला छान वाटतं. २०१९ मध्ये वाहन उद्योग बसला तेव्हा माझ्या एका मोठ्या गिऱ्हाइकानं सात महिने पैसे थकवले. मी तक्रार केली नाही. तीनातली दोन कामं त्यांचीच होती, तक्रार करून खाणार काय? चूक कायद्याची नव्हती, एकाच दारात बसण्याची होती, आणि ती माझी. तू तसं बसू नकोस. टर्निंगचं जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्यांचे भाग लेथवर कातून द्यायचं काम, सोडू नकोस, रताळी काही बारा महिने निघत नाहीत.

दुसरं, कुणीतरी तुला जीएसटीची कंपोझिशन योजना सुचवेल. कर कमी, कटकट कमी. घेऊ नकोस. त्या योजनेत परराज्यात माल विकता येत नाही. तुझी पहिली गिऱ्हाइकं चंदगडकडचीच असणार. तुरमुरी, बाची ओलांडलं की शिनोळी. आपल्याला ती पाव्हण्यांची गावं, जीएसटीला महाराष्ट्र. साध्या नोंदणीत मात्र शेतकऱ्यानं पैसे दिले नाहीत तरी बिलावरचा कर पुढच्या महिन्यात तुला भरावाच लागतो. तो म्हणणार, "रताळ्याची पट्टी झाली की देतो." पट्टी कमी आली तर? निम्मे पैसे आधी घे. लाजू नकोस.

तिसरं, गरज नसताना बँकेची लहानशी कॅश क्रेडिट मर्यादा घे. वापर, भर, पुन्हा वापर. तारण विचारलं तर 'सीजीटीएमएसई'ची, म्हणजे लहान उद्योगांच्या बिनतारण कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी निधीची, हमी मिळते का, असं नाव घेऊन विचार. नाव घेतल्याशिवाय घराच्या उताऱ्यावरची नजर हलत नाही. आणि कन्नडमध्ये बोल. सीमाप्रश्नाचा निकाल लागेल तेव्हा लागेल, मॅनेजरला तू उद्या भेटणार आहेस.

पेटंटचं विचारलं होतंस. त्यातलं मला कळत नाही, आणि पहिली पाच यंत्रं विकली जाईपर्यंत तूही त्यात जीव घालू नकोस.

रविवारी ये, उद्यम नोंदणी करून टाकू. आधारला जोडलेला मोबाईल आण, नाहीतर ओटीपीसाठी परत गावाकडे पळशील. बेअरिंगची दोन सील माझ्याकडे पडून आहेत, ढोल घेऊन आलीस तर तिथंच बसवू.

तुझा,
काका