कोल्हापुरात पर्यावरणपूरक घर बांधायचं, तर आर्किटेक्टला काय विचारावं?

पहिला प्रश्न सोलरचा नको, पाण्याचा विचारा. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी किती मागे टाकली, हे आपण पाहिलंय. प्लॉटवर तेव्हा पाणी कुठवर चढलं होतं, हे शेजाऱ्यांना विचारूनच जोत्याची उंची ठरवणारा आर्किटेक्ट मला खरा वाटतो. मीटर आणि पंप त्या खुणेच्या वरच हवेत.

मग पश्चिमेची भिंत. पावसाचा मारा तिकडूनच येतो आणि उन्हाळ्यात दुपारी तापते तीही हीच. तिथं जिना, बाथरूम किंवा स्टोअर टाकलं, खिडक्या लहान आणि छज्जा खोल ठेवला की ओल आणि उष्णता दोन्ही आटोक्यात येतात. उलट आपल्याकडे दर्शनी भाग म्हणून काच लावतात आणि आत एसी, याचं फार वाईट वाटतं.

दगड जवळच्या खाणीतला घ्या. जुनी दारं-खिडक्या, तुळया शाबूत असतील तर त्याही वापरा.

१०० चौरस मीटर गच्चीवर १००० मिमी पाऊस म्हणजे १ लाख लिटर पाणी. ते गटारात सोडू नका, गाळून टाकीत किंवा बोअरच्या पुनर्भरणाला वळवा. पाइपची जागा मात्र नकाशातच दाखवून घ्या.