समुद्रकाठच्या ऑल इन्क्लुझिव्ह रिसॉर्टमध्ये लहान मुलांच्या जेवणाचं कसं जमतं? पैसे वसूल होतात का?

तुमचा प्रश्न असा आहे: धुळ्याहून गोव्याला जायचंय, मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चारची, सोबत शाकाहारी सासूबाई. रिसॉर्टवाले ऑल इन्क्लुझिव्ह पॅकेजचा आग्रह धरतायत आणि तुम्हाला वाटतंय, पोरं एवढं खातात कुठं?

मी जळगावची. माझ्या पोरांना घेऊन अशा जेवणावळींत बसून झालंय, म्हणून सांगते: परवडत असेल तर घ्या, पण पोरं भरपूर खातील या हिशोबानं घेऊ नका. ती खाणार नाहीत, आणि तरी तुमचं डोकं फिरणार नाही, हाच त्यातला फायदा. मेन्यूकार्डावरून चारशे-पाचशेचा पास्ता मागवायचा, पोरीनं एक घास चाखून ‘नको’ म्हणायचं आणि मग नवराबायकोनं एकमेकांकडे बघत तो थंडगार पास्ता संपवायचा, हे बुफेत टळतं. नाही आवडलं? राहू दे, दुसरं काहीतरी घे. आपल्याकडे पंगतीत वाढलेलं टाकलं की आजी डोळे वटारते. इथं मात्र चमचाभरच वाढून घ्यायची सवय लावा आणि आवडलं तर पुन्हा उठू द्या.

बुकिंगआधी एक गोष्ट नीट बघा. आपल्याकडे ‘सगळं जेवण धरून’ म्हणून जे विकतात ते पुष्कळदा एपी, म्हणजे अमेरिकन प्लॅन असतो: नाश्ता आणि दोन जेवणं. सीपीत फक्त नाश्ता, एमएपीत नाश्ता आणि एक जेवण. खऱ्या ऑल इन्क्लुझिव्हमध्ये मधलं खाणं आणि पेयंही येतात, आणि मुलांसोबत जाणाऱ्यांसाठी सगळा फरक या मधल्या खाण्यातच आहे.

कारण पोरं पाण्यातून बाहेर येतात ती पाच-साडेपाचला, आणि येतात ती वाघासारखी भुकेली. रात्रीचा बुफे साडेसात-आठला उघडतो. या दोन-अडीच तासांत काय घडतं ते आईलाच माहीत. एपीवर असाल तर त्या वेळचं सँडविच, फ्राइज, दूध, सगळं वेगळ्या बिलावर. शिवाय कुरकुरे-बिस्किटांवर वेळ मारून नेली की पोरं रात्री ताटाला हात लावत नाहीत आणि चारची पोरगी टेबलावरच झोपते. म्हणून विचारायचं ते एवढंच: चार ते सातमध्ये पोटभरीचं काय मिळतं आणि ते पॅकेजात आहे का? असेल तर धाकटीला तेव्हाच नीट जेवू घाला. रात्री ती नुसती आइस्क्रीम खात बसली तरी चालेल, आणि तुम्हाला निवांत जेवता येईल. माझ्या आजीचं अहिराणीत ठरलेलं वाक्य होतं, ‘भूक लागनी म्हणजे पोऱ्या आपोआप खाई.’ बुफेचं घड्याळ तिला ठाऊक नव्हतं, पण पोरांचं पक्कं ठाऊक होतं.

आणखी एक विचारून ठेवा: पॅकेजातलं पहिलं जेवण कोणतं? मंगला किंवा गोवा एक्सप्रेस जळगावहून मिळते, पण गाडी कधी पोचते आणि खोली कधी मिळते यांचा मेळ असेलच असं नाही. खोल्या साधारण दुपारी दोनला देतात. सकाळी पोचलात तर तोवरचं खाणं बहुधा तुमच्याच खिशातून. मुलांचे दर कोणत्या वयापर्यंत माफ आणि कुठून अर्धे, हे प्रत्येक ठिकाणी निराळं असतं, तेही लेखी घ्या.

आता पोरं खातात काय. सगळे सांगतात की मुलांना बाहेरचं जेवण तिखट लागतं. आपल्या पोरांचं उलटं. शेवभाजीचा रस्सा आणि ठेचा बघत वाढलेल्या पोराला किड्स काउंटरवरचा पांढरा पास्ता दुसऱ्या दिवशी फिका लागायला लागतो. माझा थोरला तर लाइव्ह काउंटरवरच्या शेफला सरळ म्हणाला, ‘काका, मिरची टाका ना!’ आणि काकांनी आनंदानं टाकली. मागितलं की मिळतं, हे लक्षात ठेवा. साधं वरण, मऊ भात, वर तूप, हे कोणत्याही मोठ्या स्वयंपाकघरात करून देतात. आधल्या रात्री सांगितलं तर जास्त बरं. दाण्याची चटणी मात्र जपून न्या, शेजारच्या टेबलावरच्या मुलाला शेंगदाण्याची अॅलर्जी असू शकते. आणि केळी! नाश्त्याला ठेवलेली केळी बघून पोरं नाक मुरडतील, आमच्या जळगावच्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय म्हणे. पोट बिघडलं की तीच केळी आणि दहीभात कामाला येतात.

कोळंबी-खेकडा पोरांनी याआधी खाल्लेला नसेल तर पहिल्यांदा दुपारच्या जेवणात, अगदी थोडा द्या. कवचाच्या माशांची अॅलर्जी सहसा काही मिनिटांत ते दोनेक तासांत दिसते. अंगावर गांध्या, ओठाला सूज, श्वासाची घरघर असं काही झालं तर ते उजेडी झालेलं बरं, रात्री अकराला डॉक्टर शोधत फिरण्यापेक्षा. श्वासाला त्रास वाटला तर वाट न बघता दवाखाना गाठा.

बुफेत गरम पदार्थ वाफ येईल इतका गरम आणि थंड पदार्थ खरोखर थंड असेल तरच पोरांना वाढा. शक्यतो बुफे उघडल्या उघडल्या जा, शेवटच्या अर्ध्या तासातली कोमट बिर्याणी सोडून द्या. बर्फ कसल्या पाण्याचा आहे ते विचारा. चार वर्षांच्या मुलीला अख्खी द्राक्षं आणि अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. द्राक्षं उभी चिरून द्या. मॉकटेल आणि कॉकटेल एकाच तऱ्हेच्या ग्लासात येतात, तेव्हा मुलाच्या ग्लासातला पहिला घोट तुम्ही घ्या. तिरामिसूत कॉफी असते, कधी मद्यही, हे विसरायला होतं.

खोलीतला मिनीबार बहुतेक पॅकेजाबाहेर असतो आणि नऊ वर्षांच्या मुलाला ते पटत नाही. पहिल्याच दिवशी रिसॉर्टवाल्यांकडून तो रिकामा करून घ्या.

सासूबाईंचं म्हणाल तर ‘व्हेज’ एवढं सांगून भागत नाही. बुफेत एकच चमचा दोन भांड्यांत फिरतो. त्यांचं ताट स्वयंपाकघरातून वेगळं मागवा, कोणी कपाळाला आठी घालत नाही. थायलंड-मालदीवचा विचार झालाच तर तिथल्या भाज्यांतही फिश सॉस किंवा ऑयस्टर सॉस असू शकतो, म्हणून ‘अंडं नाही, मासा नाही, सॉससुद्धा नाही’ असं फोड करून सांगावं लागतं. निघण्याआधी कॅलेंडरात एकादशी-चतुर्थी बघून घ्या. सांगितलं तर साबुदाणा करतील, भगर मात्र घरूनच न्या.