ट्रॅकपॅड रुसला असेल, तर आधी एवढे तपासा

लॅपटॉप लगेच जेल रोडला दुरुस्तीसाठी नेऊ नका. कर्सर आपोआप उड्या मारत असेल, तर चार्जर काढून पाहा. आपल्या इंदूरच्या जुन्या घरांत अर्थिंग धड नसले, की चार्जर लावलेला असताना ट्रॅकपॅडला बोटाचा स्पर्श नीट ओळखता येत नाही. कर्सर अजिबात हलत नसेल, तर ट्रॅकपॅड बंद-चालू करणारी कळ चुकून दाबली गेली आहे का, ते बघा. हे फार वेळा घडते. मात्र क्लिक कडक झाले असेल, ट्रॅकपॅडची कड उचललेली दिसत असेल किंवा सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगत असेल, तर आतील बॅटरी फुगल्याची दाट शक्यता असते. अशा वेळी लॅपटॉप बंद करावा, चार्जिंग थांबवावे आणि ट्रॅकपॅड दाबून बसवण्याचा खटाटोप मुळीच करू नये, कारण दाबाने फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.