‘पाहिजे’, ‘लागते’ आणि ‘नको’ यांना इंग्रजीत काय म्हणावे?

हिंजवडीत सॉफ्टवेअरचे काम करणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, शाळेत ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’, ‘शुड’ यांचे अर्थ पाठ केले असूनही बोलताना ऐन वेळी चुकीचेच क्रियापद तोंडी येते, तर त्यांचा सराव कसा करावा. उदाहरणही त्यांनी दिले आहे. सुटी असल्यामुळे उद्या ऑफिसला यायला नको, एवढेच त्यांना परप्रांतातल्या एका सहकाऱ्याला कळवायचे होते. त्यांनी ‘यू मस्ट नॉट कम टुमॉरो’ असे लिहिले आणि आपल्याला येण्याची बंदी का केली, अशी त्या सहकाऱ्याने विचारणा केली.

माझे मत असे आहे की, ‘मस्ट म्हणजे पाहिजे, शुड म्हणजे पाहिजे’ अशा पाठांतराने हा गोंधळ मिटत नाही, उलट वाढतो. मराठीत या अर्थांसाठी स्वतःची बारीक आणि नेमकी व्यवस्था आहे. सरावाची सुरुवात त्या व्यवस्थेपासून केली, म्हणजे आपल्या तोंडी रोज येणाऱ्या मराठी रूपांपासून केली, तर इंग्रजी क्रियापद निवडणे पुष्कळ सोपे जाते.

वरची चूक ‘नको’मुळे झाली आहे. ‘उद्या रविवार आहे, लवकर उठायला नको’ या वाक्यात सुटका आहे. ‘इतक्या उशिरा एकट्याने तळजाईवर जायला नको’ या वाक्यात मनाई आहे. मराठी ऐकणारा संदर्भावरून आणि बोलणाऱ्याच्या स्वरावरून अर्थ ओळखतो, म्हणून एकाच रूपावर आपले भागते. इंग्रजीत मात्र ‘मस्ट नॉट’ ही केवळ मनाई आहे, आणि सुटकेसाठी ‘डोंट हॅव टू’ किंवा ‘डोंट नीड टू’ म्हणावे लागते. होकारार्थी वाक्यात ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ एकमेकांच्या इतके जवळ असतात की एकाऐवजी दुसरे वापरले तरी फारसे बिघडत नाही. नकार लागताच ते विरुद्ध दिशांना जातात. म्हणून लिहिण्यापूर्वी ‘नको’च्या जागी ‘नये’ घालून पाहावे. ‘उद्या ऑफिसला येऊ नये’ असे आपल्याला म्हणायचे नसेल आणि ‘यायची गरज नाही’ असे म्हणायचे असेल, तर ‘मस्ट नॉट’ सोडून द्यावे. माझ्या मते सरावाला नकारार्थी वाक्यांपासूनच प्रारंभ करावा, कारण गैरसमज तिथेच सर्वांत जास्त होतात.

आता ‘पाहिजे’ आणि ‘लागणे’. ‘पाहिजे’ हे मुळात ‘पाहणे’ या धातूचे जुने कर्मणी रूप आहे, ‘पाहिले जाते’ अशा घडणीचे. ‘म्हणिजे’वरून आलेले ‘म्हणजे’ हे त्याच्याच जातीचे. आजच्या ‘पाहिजे’त गरज, कर्तव्य आणि सल्ला हे तिन्ही एकत्र नांदतात. ‘लागणे’ मात्र नेमके आहे. ‘मला रोज स्वारगेटहून बस धरावी लागते’ असे म्हणताना ही सक्ती परिस्थितीची आहे, माझ्या मनाची नाही, हे स्पष्ट होते. ‘हॅव टू’ला इतका जवळचा मराठी प्रयोग दुसरा नाही. त्यामुळे जिथे ‘लागते’ येईल तिथे ‘हॅव टू’, ‘लागले’ आले की ‘हॅड टू’, ‘लागेल’ आले की ‘विल हॅव टू’ आणि ‘लागत नाही’ आले की ‘डोंट हॅव टू’, ही चौकडी एकाच वाक्यावर मोठ्याने म्हणून पक्की करावी. सौम्य ‘जायला हवे’ किंवा ‘जावे’ यांसाठी ‘शुड’ वापरावे, आणि ‘गेलेच पाहिजे’ अशा आग्रहासाठी ‘मस्ट’ राखून ठेवावे. रोजच्या बोलण्यात, विशेषतः अमेरिकी इंग्रजीत, सक्तीच्या अर्थाने ‘मस्ट’ कमी ऐकू येते आणि ‘हॅव टू’ किंवा ‘नीड टू’ अधिक. सहकाऱ्याला उठता-बसता ‘यू मस्ट’ म्हटल्यास ते हुकूम सोडल्यासारखे वाटते.

भूतकाळात आणखी एक अडचण येते. सक्तीच्या अर्थाने ‘मस्ट’ला स्वतःचे भूतकाळी रूप नाही. ‘मला जावे लागले’ म्हणजे मी गेलो; ‘मी जायला हवे होते’ म्हणजे मी गेलो नाही. हा फरक मराठी माणूस कधीही चुकत नाही, आणि इंग्रजीतही तो तसाच आहे: पहिल्याला ‘आय हॅड टू गो’, दुसऱ्याला ‘आय शुड हॅव गॉन’.

‘जायचे आहे’ या रूपापासून विशेष सावध राहावे. ‘मला कोकणात जायचे आहे’ ही इच्छा असू शकते, पण ‘मला चार वाजता बँकेत जायचे आहे’ हे ठरलेले काम आहे. आपल्याकडचे पुष्कळ जण दोन्हीकडे ‘आय वॉन्ट टू’ म्हणतात आणि कामाची निकड ऐकणाऱ्याला केवळ आवडीची गोष्ट वाटते. कामासाठी ‘आय हॅव टू’ किंवा ‘आय नीड टू’ म्हणावे.

क्षमतेच्या बाबतीत मराठीचे भेद इंग्रजीपेक्षा सूक्ष्म आहेत. ‘मला पोहता येते’ ही शिकून मिळवलेली विद्या आणि ‘मी उद्या येऊ शकतो’ ही शक्यता, या दोन्हींना इंग्रजीत एकटे ‘कॅन’ पुरते. ‘कॅन’चे मूळ जुन्या इंग्रजीतल्या ‘जाणणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे, आणि आपले ‘जाणणे’ ज्या संस्कृत ‘ज्ञा’ धातूवरून आले, त्याच्याशी त्याचे दूरचे नाते आहे. ‘त्याला इंग्रजी येते’ यातले ‘येणे’ही जाणण्याचेच आहे. अडचण होते ती भूतकाळात. ‘लहानपणी मला झाडावर चढता यायचे’ यासाठी ‘कुड’ चालते, पण ‘काल कशीबशी शेवटची बस पकडता आली’ अशा एकदाच घडलेल्या गोष्टीसाठी ‘वॉज एबल टू’ किंवा ‘मॅनेज्ड टू’ म्हणावे लागते. नकारात ही अट नाही. ‘बस पकडता आली नाही’ याला ‘कुडंट’ निर्धास्तपणे वापरावे.

अंदाजाच्या वाक्यांकडे शिकणाऱ्यांचे सर्वांत कमी लक्ष असते, आणि मला तर हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो. ‘दिवा चालू आहे, ते घरी असणार’, ‘रस्ता ओला आहे, पाऊस पडून गेला असावा’, ‘ते आता शिवाजीनगरला असतील’, ‘नसतीलही’ अशा वाक्यांत आपण खात्रीच्या पायऱ्या किती सहज चढतो आणि उतरतो. इंग्रजी करताना मात्र आपण सगळ्यांना ‘विल बी’ किंवा ‘मे बी’ लावून मोकळे होतो. पुराव्यावरून काढलेल्या ‘असणार’ आणि ‘असावा’ यांना ‘मस्ट बी’, घडून गेलेल्या गोष्टीला ‘मस्ट हॅव’, साध्या अंदाजाच्या ‘असेल’ला ‘प्रॉबेब्ली’ किंवा ‘मे’, आणि ‘असूही शकेल’ला ‘माइट’ वापरावे. इथे नकार पुन्हा रूप बदलतो: ‘ते घरी असणे शक्य नाही’ याला ‘मस्ट नॉट बी’पेक्षा ‘कान्ट बी’ म्हणणे योग्य.

विनंतीचे मात्र सोपे आहे. ‘आत येऊ का?’ ही परवानगी आहे, म्हणून ‘मे आय’ किंवा ‘कॅन आय’. ‘चहा करू का?’ ही तयारी दाखवणे आहे, म्हणून ‘शॅल आय’ किंवा ‘शुड आय’. ‘जरा सरकता का?’ याला ‘कॅन यू’, ‘सांगाल का?’ याला ‘कुड यू’ किंवा ‘वुड यू’. पाट्यांवरच्या ‘पादत्राणे बाहेर काढावीत’ या विध्यर्थाचे मात्र ‘शुड’ करू नये. इंग्रजी पाटी तिथे ‘प्लीज रिमूव्ह’ असे आज्ञार्थानेच लिहिते.

प्रश्नकर्ते संगणकाच्या क्षेत्रातले असल्यामुळे एक गोष्ट त्यांना उपयोगी पडेल. इंटरनेटच्या तांत्रिक मानकांत हे शब्द कोणत्या अर्थाने वाचावेत, हे ठरवणारा ‘आरएफसी २११९’ नावाचा दस्तऐवज १९९७ मध्ये निघाला. त्यात ‘मस्ट’ म्हणजे अनिवार्य, ‘शुड’ म्हणजे सबळ कारण असेल आणि परिणामांचा विचार केला असेल तरच टाळता येईल असे, आणि ‘मे’ म्हणजे पूर्णपणे ऐच्छिक, असे ठरवलेले आहे. म्हणूनच आपल्या कार्यालयीन इंग्रजीतले ‘यू मे सबमिट द रिपोर्ट टुडे’ हे वाक्य घोटाळ्याचे आहे: लिहिणाऱ्याला नम्रपणे ‘आज द्यावा’ म्हणायचे असते, आणि परदेशी वाचकाला ‘हवा तर द्या’ असे वाटते. ‘द मीटिंग वुड बी ॲट फोर’ हेही तसेच. बैठक ठरलेली असेल तर साधे ‘विल’ लिहावे.

सरावासाठी निराळे पुस्तक लागत नाही. ऑफिसला जाता-येता दिवसभरात स्वतः बोललेली किंवा कानांवर पडलेली अशी वाक्ये मनात गोळा करावीत, ज्यांत ‘लागते’, ‘हवे होते’, ‘येऊ का’, ‘असेल’, ‘नको’ यांपैकी काही असेल. एका वेळी एकच रूप घ्यावे, त्याचे इंग्रजी वाक्य पूर्ण म्हणावे आणि लगेच त्याचा नकार आणि भूतकाळ म्हणावा. एक रूप विचार न करता तोंडी येऊ लागेपर्यंत दुसऱ्याकडे वळू नये, आणि सहकाऱ्याला संदेश पाठवताना ‘मस्ट नॉट’ लिहिले गेलेच, तर पाठवण्यापूर्वी ‘नये’ची कसोटी लावून पाहावी.