रिपोर्ट पोर्टलवर टाकला, पुढे काय?

प्रश्न : मी एका आंतरराष्ट्रीय संस्थेत शिक्षणाच्या प्रोजेक्टवर काम करते. प्रोजेक्ट संपला की वर्कशॉप होतं, जाडजूड रिपोर्ट बनतो, पोर्टलवर चढतो आणि आम्ही फंडरला कळवतो, नॉलेज शेअरिंग झालं. आणि पुढच्या देशातली टीम तेच घोळ पहिल्यापासून घालते. आमचं चुकतंय कुठे?

उत्तर : रिपोर्ट कुणासाठी लिहिता ते आधी बघा. फंडरला दाखवायचा म्हटला की त्यात फसलेलं काही येत नाही, आणि पुढच्या टीमला नेमकं तेच हवं असतं. कॅनडाची इंजिनिअर्स विदाऊट बॉर्डर्स ही संस्था 2008 पासून स्वतःच्या फसलेल्या कामांचा वेगळा 'फेल्युअर रिपोर्ट' काढायला लागली, धाडस आहे खरं, पण तोही शेवटी रिपोर्टच.

मला विचाराल तर बांगलादेशातल्या ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेचं काम बघा. जुलाबात मीठ-साखरेचं पाणी पाजलं तर जीव वाचतो हे डॉ. दिलीप महालनबीस यांनी 1971 मध्ये निर्वासितांच्या छावणीत दाखवून दिलं होतं. पण खेड्यातल्या आईला ते कोण सांगणार? 1980 पासून ब्रॅकच्या कार्यकर्त्या दारोदार फिरल्या, कृती एवढीच की तीन बोटांच्या चिमटीत येईल तेवढं मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी, आणि हे नुसतं सांगायचं नाही तर त्या आईकडूनच समोर बसून करवून घ्यायचं. 10 वर्षांत 1 कोटी 20 लाखांवर घरं झाली.

गंमत त्यांच्या पगारात आहे. नंतर दुसरंच कुणीतरी त्यातल्या काही घरी जाऊन बघायचं की आईला किती आठवतंय, पाणी बरोबर जमतंय का, आणि त्यावर शिकवणारीचे पैसे ठरायचे. किती घरं फिरली याला किंमत नाही! तुमच्या वर्कशॉपला हा नियम लावला तर किती जणांचं मानधन निघेल?

तरी सुरुवातीला गाडं अडलंच. बायकांना कृती तोंडपाठ, पण पोर आजारी पडलं की फारसं कुणी वापरेना. खोदून विचारलं तर कळलं की खुद्द शिकवणाऱ्यांमधल्याच बऱ्याच जणींचा त्यावर विश्वास नव्हता, स्वतःला जुलाब झाले की त्या औषधं घ्यायच्या, आणि घरातल्या पुरुषांना तर कुणी काही सांगितलंच नव्हतं. मग आधी कार्यकर्त्यांना त्यामागचं शास्त्र नीट समजावलं, पुरुषांशी बोलणं सुरू केलं, तेव्हा कुठे वापर वाढला.

शिक्षणात तर हे फारच होतं. पेरूमध्ये मुलांना लाखो लॅपटॉप वाटले, 2012 च्या अभ्यासात 319 शाळा तपासल्या तर गणित-भाषेच्या मार्कांत फरक दिसला नाही. वस्तू पोचली की ज्ञान पोचलं असं धरून चालतात लोक.

तेव्हा पुढच्या वर्कशॉपनंतर महिनाभराने त्या टीममधल्या कुणालाही फोन लावा, मॅनेजरला नको, प्रत्यक्ष वर्गात जाणाऱ्याला, आणि विचारा की शिकलेल्यातलं काय करून बघितलं, काय फसलं, आणि मुळात तुला ते पटलंय का. शेवटचा प्रश्न जरा अवघडच जातो. पण तो विचाराच.