गोपनीयता, खासगीपणा आणि मूकसंमती

एका वाचकाने विचारलं आहे: "ग्राहकांच्या माहितीला संरक्षण देणाऱ्या कायद्यांविषयी मराठीत वाचताना एकाच लेखात 'गोपनीयता', 'खासगीपणा' आणि 'निजता' असे तीन शब्द भेटले. हे तिन्ही 'प्रायव्हसी'चेच प्रतिशब्द का? आणि 'कन्सेंट'ला काय म्हणावं, संमती, सहमती की परवानगी?"

'निजता' लगेच निकालात काढतो. हा शब्द हिंदीतून आलेला. 'निजरूप', 'निजधाम' यांतला संतांचा 'निज' आपलाच आहे, पण 'निजतेचा हक्क' ऐकलं की मराठी कानाला झोपेचा हक्क मागितल्यासारखं वाटतं.

खरा घोळ 'गोपनीयते'चा आहे. 'गुप्' या धातूचा अर्थ रक्षण करणं. चंद्रगुप्त म्हणजे लपलेला चंद्र नव्हे, चंद्राने रक्षिलेला. म्हणजे व्युत्पत्ती पाहिली तर हा शब्द कायद्याच्या हेतूला अगदी चपखल. पण शब्द व्युत्पत्तीवर चालत नाहीत, वापरावर चालतात. आज 'गुप्त' म्हणजे लपवलेलं आणि 'गोपनीय' म्हणजे बाहेर फुटू नये असं. मंत्री घेतात ती 'पद आणि गोपनीयतेची शपथ'. तिथे शब्द योग्य जागी आहे, कारण तिथे सांभाळायची आहेत ती गुपितं.

ग्राहकाच्या माहितीचं तसं नाही. तुमचं नाव, फोन नंबर, घरचा पत्ता शेकडो लोकांना ठाऊक असतो. त्यात गुपित काहीच नाही, तरी कायदा त्याला संरक्षण देतो. युरोपीय संघाच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यामध्ये (25 मे 2018 पासून लागू) व्यक्तिगत माहितीची जी व्याख्या आहे, तीत माहिती गुप्त असण्याची अटच नाही. ती ओळख पटलेल्या किंवा पटू शकणाऱ्या व्यक्तीविषयी असली की पुरे. पत्ता सामान घरपोच करण्यासाठी दिला होता, तो जाहिरातदाराच्या यादीत कसा गेला, हा या कायद्यांचा प्रश्न. पत्ता कोणाला कळला यापेक्षा तो कशासाठी वापरला याला तिथे महत्त्व. "माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, मला काय करायचाय तो कायदा?" असं म्हणणारे भेटतात, त्यांची दिशाभूल थोडीफार या शब्दानेच केली आहे, असं माझं मत.

आणि संकेतस्थळांवरचं ते 'गोपनीयता धोरण'! उघडून पाहा. तुमची माहिती कोणकोणाला दिली जाईल, याचीच त्यात लांबलचक यादी असते. 'माहिती-वापराचे धोरण' म्हटलं तर निदान नावात तरी खोटेपणा राहणार नाही.

म्हणून हक्काबद्दल बोलताना मी 'खासगीपणा' वापरतो. अरबी 'खास' फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. होळकरांच्या राज्यात 'दौलत' (राज्याची मालमत्ता) वेगळी आणि 'खासगी' (राजघराण्याची स्वतःची) वेगळी होती. खासगीचा कारभार राणीकडे असे. तिथे खासगी म्हणजे चोरून ठेवलेलं नव्हे. सगळ्यांना माहीत असलेलं, पण ज्यावर दुसऱ्याने हात टाकायचा नाही असं. ग्राहकाच्या माहितीला हाच अर्थ हवा आहे.

कायद्याच्या नावात मात्र 'व्यक्तिगत माहिती संरक्षण' बरं. जर्मनीतल्या हेसे राज्याने 1970 साली असा पहिला कायदा केला, तेव्हापासून जर्मन भाषेत 'डाटेनशुट्झ', म्हणजे विदा-संरक्षण (विदा म्हणजे डेटा), हा शब्द रुळला. त्यावरही आक्षेप आहेच: राखायचा असतो माणूस, विदा नव्हे. ('विदा' हा शब्द मला आवडतो, पण तो म्हटला की लोक निरोप घ्यायला उठतात.) 1983 साली जर्मनीच्या घटना न्यायालयाने जनगणनेच्या खटल्यात त्याहून नेमका शब्दप्रयोग केला. त्याचं मराठी मी 'आपल्या माहितीबाबतचा स्वनिर्णय' असं करीन. लांब आहे, पण गुपिताचा वासही नाही.

आता 'कन्सेंट'. परवानगी अधिकारी देतो, ती मागणारा खालच्या पायरीवर असतो. सहमती दोघांची मिळून होते, चर्चा झाल्यावर. संमती एकट्याची असते, स्वतःच्या गोष्टीबद्दल असते आणि मागे घेता येते. तेव्हा संमतीच. पण या शब्दाला एक शेपूट आहे: 'मौनं संमतिलक्षणम्'. 'मूकसंमती' हा शब्द आपण सहज वापरतो आणि जीडीपीआर नेमकं त्याच्या उलट सांगतो. गप्प राहणं, आधीच खूण केलेला चौकोन तसाच सोडणं, काहीच न करणं, यांतलं काहीही तिथे संमती ठरत नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने कुकीजच्या (संकेतस्थळं आपल्या ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदींच्या) प्रकरणात हेच बजावलं: खूण ग्राहकाने स्वतः करायला हवी. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे, अशीही अट आहे.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यात (1 जानेवारी 2020 पासून लागू) मात्र आपलं संस्कृत वचन पुष्कळसं टिकून आहे. ग्राहकाने "माझी माहिती विकू नका" असं सांगेपर्यंत कंपनीला ती विकता येते. अपवाद 16 वर्षांखालच्यांचा. तिथे आधी होकार लागतो. त्यामुळे मोठ्यांच्या बाबतीत तिथल्या तरतुदीला 'संमती' म्हणणं चूक. तो 'मनाईचा हक्क' आहे. मराठी बातम्यांत दोन्हींना सरसकट 'संमती' म्हटलेलं वाचलं की दोन कायद्यांतला सगळ्यात मोठा फरकच पुसला जातो.

जाता जाता: 'खाजगी' की 'खासगी'? दोन्ही चालतात. मूळ 'खास' असल्याने मी 'स' लिहितो, पण बोलताना माझ्याही तोंडून 'ज'च येतो.